बुडबुडे मोजणारे शास्त्रज्ञ

शाळेच्या प्रयोगशाळेत होणारा एक प्रयोग तुम्ही पाहिला असेल. एक मोठे चंचुपात्र पाण्याने भरतात. त्यात हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीच्या काही फांद्या ठेवतात. त्यांवर काचेचे नरसाळे पालथे घालतात आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी ठेवतात. हे सारे उन्हात ठेवले, की थोड्याच वेळात फांद्यांपासून बारीक बुडबुडे सुटू लागतात. ते परीक्षानळीत वर वर जातात आणि तिथे वायू जमतो. निखारा असलेली काडी त्या वायूत धरली, तर ती भडकन पेटते. हा वायू म्हणजे ऑक्सिजन. वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते आणि ते करताना ऑक्सिजन बाहेर टाकते. या क्रियेला आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो.

प्रयोग संपतो, आपण वहीत आकृती काढतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण जरा थांबा. चंचुपात्र उन्हात ठेवल्यावर त्यावर नुसता प्रकाश पडत नाही. पाणीही तापते. मग बुडबुडे वाढतात ते प्रकाशामुळे, की ऊन पाण्यामुळे? डिसेंबरच्या गार पाण्यात आणि एप्रिलच्या तापलेल्या पाण्यात ही वनस्पती सारखेच काम करते का?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका थोर भारतीय शास्त्रज्ञाने तळ्यातल्या या क्षुल्लक वनस्पतीपुढे अनेक दिवस घालवले. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस. बिनतारी लहरींवर संशोधन करणारे आणि वनस्पतींच्या हालचाली टिपणारे शास्त्रज्ञ म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. हायड्रिलाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. म्हणून ती येथे सांगत आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. तो मुलूख आज बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि तळी यांनी भरलेला हा प्रदेश. पावसाळ्यात तिथे गावोगावी पाणीच पाणी होते आणि लोक होडीतून ये-जा करतात. अशा पाण्याच्या संगतीत जगदीशचंद्रांचे बालपण गेले. वडील भगवानचंद्र हे फरीदपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते फार निराळ्या वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनीच ज्याला तुरुंगात पाठवले होते, असा एक दरोडेखोर शिक्षा भोगून बाहेर आला आणि त्यांच्याकडे काम मागू लागला. भगवानचंद्रांनी त्याला ठेवून घेतले आणि काम कोणते दिले, तर लहानग्या जगदीशला शाळेत पोहोचवण्याचे! तो माणूस वाटेने आपल्या लढायांच्या आणि लुटींच्या गोष्टी सांगे आणि मुलगा डोळे मोठे करून ऐकत राही.

शाळेचीही एक गोष्ट आहे. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांची मुले इंग्रजी शाळेत जात. गावात तशी शाळा होती. पण भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा शिकावी, आपल्या माणसांत मिसळावे, इंग्रजी त्यानंतर, असे त्यांचे मत होते. वर्गात जगदीशच्या उजव्या बाजूला त्याच्या वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा बसे. हे दोघे त्याचे जिवलग मित्र. पशुपक्षी कसे राहतात, पाण्यात कोणकोणते जीव असतात, हे सारे त्याला या मित्रांकडून कळे. शाळा सुटली, की तिघे मिळून घरी येत. आई बामासुंदरी देवी जुन्या वळणाच्या होत्या, तरी या मुलांमध्ये कसलाही भेद न करता सर्वांना सारखेच खाऊ घालत. पुढे १९१५ मध्ये, म्हणजे जगात नाव झाल्यानंतर, विक्रमपूर येथे भरलेल्या परिषदेत जगदीशचंद्रांनी या दोन मित्रांची आठवण भर सभेत सांगितली. निसर्गाची ओढ आपल्याला त्या वर्गात लागली, असे ते मानत. तुम्ही स्वतः आपल्या भाषेच्या माध्यमातून शिकता. तेव्हा या गोष्टीचे मोल तुम्हांला वेगळे समजावून सांगायला नको.

१८६९ मध्ये जगदीश कलकत्त्याला आला. तेथे सेंट झेवियर्सच्या शाळेत सगळा कारभार इंग्रजीत चाले. खेड्यातून आलेल्या या मुलाची सुरुवातीला बरीच चेष्टा झाली. वसतिगृहात त्याला फारसे मित्र नव्हते. म्हणून तो खाऊचे पैसे प्राणी पाळण्यात आणि छोटीशी बाग करण्यात खर्च करी. पुढे कॉलेजात त्याला फादर लाफों हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक भेटले. ते वर्गात हौसेने प्रयोग करून दाखवत. प्रयोगाची गोडी जगदीशला तिथे लागली.

१८८० मध्ये जगदीशचंद्र इंग्लंडला गेले. घरची स्थिती तेव्हा बिकट झाली होती. लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या उद्योगांत वडिलांना तोटा झाला होता आणि डोक्यावर कर्ज होते. तरीही आईने आपले दागिने मोडण्याची तयारी दाखवली. लंडनमध्ये त्यांनी वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. पण अंगात मुरलेला ताप वारंवार उलटे आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सहन होत नसे. शेवटी वैद्यकी सोडून ते केंब्रिजला गेले. तेथे लॉर्ड रॅले यांच्याकडून त्यांनी काटेकोर मोजमाप शिकून घेतले. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन तेथे वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्याही वर्गाला जगदीशचंद्र बसले. एका बाजूला पदार्थविज्ञान आणि दुसऱ्या बाजूला वनस्पती, असे दोन धागे येथे त्यांच्या हाती आले. ते एकत्र गुंफले जायला मात्र बरीच वर्षे लागली.

मायदेशी परतल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक तात्पुरती होती, म्हणून त्यांना त्याचाही निम्माच पगार देऊ केला. काम तेच, तास तेच, मग पगार का कमी? त्यांनी तंटा केला नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर येत, मन लावून शिकवत आणि महिनाअखेर पगार परत करत. असे एक-दोन महिने नव्हे, तर तीन वर्षे चालले! १८८७ मध्ये त्यांचे अबला दास यांच्याशी लग्न झाले. हातात पैसा नाही, वडिलांचे कर्ज फेडायचे, अशा दिवसांत या जोडप्याने स्वस्त म्हणून नदीपलीकडे चंद्रनगरला घर घेतले. रोज सकाळी दोघे होडी वल्हवत नदी ओलांडत आणि पतीला पोहोचवून अबलाबाई होडी परत घेऊन येत. तीन वर्षांनी सरकारने हार मानली. जगदीशचंद्रांना कायम केले आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने एकदम दिला. ती रक्कम वडिलांच्या कर्जात गेली.

कॉलेजात संशोधनासाठी जागा नव्हती. स्नानगृहालगतची एक चिंचोळी खोली त्यांनी मिळवली. उपकरणे विलायतेहून मागवायची, तर पैसा नाही. मग त्यांनी एका साध्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरले आणि स्वतः शिकवून त्याच्याकडून नाजूक उपकरणे बनवून घेतली. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विजेच्या अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवली. ती कथा मोठी आहे आणि तुम्ही ती कुठे ना कुठे वाचालच. आपल्याला तळ्याकडे जायचे आहे.

विजेच्या लहरी टिपणारी उपकरणे सतत वापरली, की जणू थकतात आणि थोडी विश्रांती मिळाली, की पुन्हा नीट चालतात, असे त्यांच्या ध्यानात आले. यातूनच त्यांचे लक्ष सजीवांकडे, विशेषतः वनस्पतींकडे वळले. लाजाळूचे पान मिटते, हे आपण सारेच पाहतो. पण आंब्याचे किंवा भोपळ्याचे पानही धक्क्याला उत्तर देत असेल. ते उत्तर इतके सूक्ष्म, की आपल्या डोळ्यांना दिसत नसेल, असे त्यांना वाटू लागले. ते दाखवण्यासाठी त्यांनी एकाहून एक सरस यंत्रे तयार केली. त्यांच्या क्रेस्कोग्राफ या यंत्रात रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी होऊन दिसे.

हे सर्वांना रुचले नाही. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने वनस्पतींविषयीचा त्यांचा एक निबंध छापायचा थांबवला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या अंगणात का यावे, असा काही वनस्पतिशास्त्रज्ञांचा सूर होता. या काळात त्यांचे मित्र रवींद्रनाथ टागोर यांनी त्यांना फार धीर दिला आणि त्रिपुराच्या महाराजांकडून आर्थिक मदतही मिळवून दिली. पुढे १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने जगदीशचंद्रांना आपले सदस्य करून घेतले. त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. हे गेडिस तेव्हा आपल्या मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्याआधी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, म्हणजे आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उघडली. तिचे नाव बसू विज्ञान मंदिर. तेथे त्यांनी प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास हाती घेतला आणि त्यासाठी निवडली ती आपली हायड्रिला. बंगालच्या तळ्यांत ती मुबलक असते. बारीक हिरवा दांडा, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर गोल फेऱ्यांत बसलेली इवलीशी पाने. हातात घेतली तर लिबलिबीत, पाण्याबाहेर काढली तर लगेच लोळागोळा होणारी. तिला ना फुलांचा डौल, ना फळांचा उपयोग.

आता अडचण कोणती होती, ते नीट समजून घ्या. पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजून तिच्या कामाचा वेग काढायचा, ही रीत युरोपात आधीपासून होती. पण या रीतीत खोट होती. फांदीचा दांडा कापला, की कापलेल्या जागेतून बुडबुडे येतात खरे; पण एक बुडबुडा मोठा असतो, तर दुसरा लहान. मिनिटाला दहा लहान बुडबुडे आले आणि नंतर पाच मोठे आले, तर काम वाढले म्हणायचे की घटले? शिवाय पाणी तापले, की निराळाच घोटाळा होतो. चहासाठी ठेवलेले आधण पाहा. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताच बाहेर पडते. ऊन पाण्यात वायू कमी मावतात. म्हणजे चंचुपात्रातले पाणी तापले आणि बुडबुडे वाढले, तर ते सगळे वनस्पतीचेच, असे कसे म्हणावे? घाईने मोजणारा येथे हमखास फसतो.

जगदीशचंद्रांनी यासाठी एक सुरेख यंत्र तयार केले. तळ्याच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात सबंध वनस्पती ठेवायची. भांडे बंद. ऑक्सिजनला बाहेर पडायला एकच अरुंद वाट आणि त्या वाटेवर दरवानासारखा बसवलेला पाऱ्याचा एक थेंब. आत ऑक्सिजन साठत जातो. त्याचा दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला, की पाऱ्याचा थेंब क्षणभर हलतो, एक बुडबुडा निसटतो आणि थेंब पुन्हा आपल्या जागी बसतो. दाब दर वेळी सारखा, म्हणून बुडबुडाही दर वेळी सारखा. थेंब हलला, की विजेचे मंडल जुळते आणि घंटी वाजते किंवा फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर लेखणी एक खूण करते. खुणा दाट पडल्या, तर वनस्पतीचे काम जोरात; विरळ पडल्या, तर काम मंद. वनस्पती आपला हजेरीपट स्वतःच लिहू लागली! माणसाने डोळे ताणून मोजायचे नाही आणि आपल्या मनासारखे मोजायचेही नाही.

या यंत्रासमोर हायड्रिला ठेवून जगदीशचंद्र एका वेळी एकच गोष्ट बदलत. कधी प्रकाश कमी-जास्त करायचा आणि तापमान तेच ठेवायचे. कधी प्रकाश तोच ठेवून पाण्याचे तापमान बदलायचे. असे केले, तरच आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. थंड पाण्यात वनस्पतीचे काम मंद चालते. पाणी हळूहळू ऊन होत गेले, की कामाचा वेग वाढतो. एका मर्यादेनंतर मात्र तो वाढायचा थांबतो आणि पाणी आणखी तापवले, तर झपाट्याने खाली येतो.

असे का होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पानांतले अन्न तयार करण्याचे काम विकरे नावाचे पदार्थ करतात. भरपूर प्रकाश आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर हे काम साधारण दुप्पट वेगाने होते. पण फार उष्णता झाली, तर तीच विकरे बिघडतात. आणि प्रकाशच अंधूक असेल, तर पाणी ऊन करूनही फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट केंब्रिजच्या ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये दाखवली होती. चूल पेटलेलीच नसेल, तर स्वयंपाकघरात माणसे वाढवून काय उपयोग?

येथवरचे निष्कर्ष इतरांच्या मताशी जुळणारे होते. खरी नवलाची गोष्ट यापुढे आहे.

जगदीशचंद्र वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत तळ्यातून हायड्रिला आणवत. हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली वनस्पती दिसायला सारखीच होती, पण यंत्रावरच्या खुणा सारख्या येत नव्हत्या. दुसरा कोणी असता, तर त्याने प्रयोगात काही चुकले असे म्हणून तो कागद फेकून दिला असता. जगदीशचंद्रांनी उलट तपास सुरू केला. त्यांना आढळले, की कडक उन्हाळ्यातल्या हायड्रिलाचा रस आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. त्यात मॅलिक आम्ल असते. कच्च्या सफरचंदाला जो आंबटपणा असतो, तो याच आम्लामुळे. हिवाळ्यातल्या हायड्रिलात असे आम्ल नव्हते. मग त्यांनी दोन्ही वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड नसलेल्या पाण्यात ठेवून पाहिले. हिवाळी वनस्पतीचे काम बंद पडले. तिला कच्चा मालच मिळाला नाही, मग ती अन्न कशाचे तयार करणार? पण उन्हाळी वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन सोडतच राहिली. तिने अंगातल्या आम्लातूनच आपली गरज भागवली होती.

म्हणजे पाणी तापले, की ही वनस्पती नुसती जोराने काम करत नाही. ती कामाची रीतच बदलते! जगदीशचंद्रांनी हे सारे प्रकाशसंश्लेषणावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात लिहिले. तो १९२४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

तुम्हांला वाटेल, की जगभर याची वाहवा झाली असेल. तसे झाले नाही. हा भाग जवळजवळ पन्नास वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. याला काही अंशी जगदीशचंद्रांचे इतर लेखनही कारण असावे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते एका निरीक्षणावरून कधी कधी फार मोठी झेप घेत. झाडात रस वर कसा चढतो, याविषयी त्यांनी मांडलेली उपपत्ती शास्त्रज्ञांनी मान्य केली नाही. वनस्पतींच्या मज्जातंतूंविषयीच्या त्यांच्या विधानांवरही बरेच वाद झाले. त्या गदारोळात तळ्यातल्या एका वनस्पतीचा आंबटपणा कोण लक्षात घेणार? शिवाय युरोप-अमेरिकेत प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास तेव्हा मुख्यतः एकपेशीय हिरव्या शेवाळावर होत होता. ते शेवाळ प्रयोगशाळेत सोयीचे पडे. बंगालचा उन्हाळा त्याने कधी पाहिला नव्हता.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. वयाला एकोणऐंशी वर्षे पूर्ण व्हायला एक आठवडा उरला होता. त्यांच्या हायड्रिलाची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली आणि तिला वळण मिळाले ते दोन दूरच्या देशांत.

पहिला देश ऑस्ट्रेलिया. तेथे १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक वनस्पती कार्बन डायऑक्साइड पकडून आधी तीन कार्बन अणूंचे आम्ल बनवतात. ऊस मात्र आधी चार कार्बन अणूंची आम्ले बनवतो आणि मॅलिक आम्ल हे त्यांपैकीच एक! मका आणि ज्वारीही याच जातकुळीच्या. आपल्या महाराष्ट्राच्या शेतांत कडक उन्हातही ही पिके जोमाने वाढतात, त्यामागे ही युक्ती आहे.

दुसरा देश अमेरिका. शोभेच्या माशांच्या काचपेट्यांत ठेवण्यासाठी हायड्रिला तिकडे नेली गेली आणि १९५०च्या दशकात फ्लोरिडा राज्याच्या पाण्यात शिरली. तेथे ती इतकी माजली, की तलाव आणि कालवे तिने भरून गेले, होड्या अडू लागल्या. तापलेल्या, साचलेल्या पाण्यात इतर वनस्पती मागे पडत आणि ही फोफावत असे. तिचा बंदोबस्त करायचा, तर आधी तिचे गुपित कळायला हवे होते. १९८०च्या सुमारास तेथील जॉर्ज बोव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही फांद्या सुमारे ३० अंशांच्या ऊन पाण्यात आणि लांब दिवसांत वाढवल्या, तर काही सुमारे १२ अंशांच्या गार पाण्यात आणि आखूड दिवसांत. ऊन पाण्यातल्या हायड्रिलाने उसासारखी चार कार्बनची रीत उचललेली आढळली. गार पाण्यातली जुन्याच रीतीने काम करत होती.

हायड्रिलाला ही उठाठेव का करावी लागते? तळ्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. १० अंशांच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या जवळपास निम्माच ३० अंशांच्या पाण्यात विरघळतो. त्यात तळे वनस्पतींनी गच्च भरलेले. सकाळपासून सगळ्या जणी तोच वायू ओढत असतात. पाण्यातून वायू पसरतोही फार हळू. हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू. दुपारपर्यंत पाण्यात ऑक्सिजनची गर्दी आणि कार्बन डायऑक्साइडचा दुष्काळ! अशा वेळी पानातले वायू पकडणारे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागते आणि उष्णतेत ही चूक आणखी वाढते. मग हायड्रिला काय करते? उन्हाळ्यात तुमच्या वस्तीत नळाला बारीक धार येते, तेव्हा घरातली माणसे ती धार आधी पिंपात साठवतात आणि मग पिंपातून एकदम बादलीभर पाणी घेतात. हायड्रिलाही तुटपुंजा वायू आधी आम्लात बांधते. मग पेशीच्या आत, हिरव्या कणांजवळ, तो मोकळा करते. तेथे वायूची गर्दी होते आणि विकराची चूक टळते. उसात हे काम दोन निरनिराळ्या प्रकारच्या पेशी वाटून घेतात. हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते आणि तेही गरज पडली तरच. गार पाण्यात या खटाटोपाची जरुरी नसते, तेव्हा ती तो करत नाही.

आंबट रसाचा अर्थ असा उलगडला. एकविसाव्या शतकात हैदराबाद विद्यापीठाचे ए. एस. राघवेंद्र आणि अमेरिकेत काम केलेले गोविंदजी या अभ्यासकांनी जगदीशचंद्रांच्या १९२४च्या ग्रंथाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि हायड्रिलाच्या या खास रीतीचा शोध पहिल्यांदा त्यांना लागला होता, असे लिहिले. आम्लाचे नेमके काम जगदीशचंद्रांना कळणे शक्य नव्हते. त्यासाठी लागणारी साधने त्यांच्या काळी जन्मलीच नव्हती. पण उन्हाळी आणि हिवाळी वनस्पतींतला फरक त्यांनी टिपला होता आणि तो कागदावर तारखेनिशी उभा होता. त्यांची अनेक उपकरणे कलकत्त्याच्या त्यांच्या संस्थेत जपून ठेवलेली आहेत. त्यांचे सुबक काम पाहून ती पत्रेकाम करणाऱ्यांच्या हाताखालून पुढे गेलेली विद्या आहे, हे सांगूनही खरे वाटत नाही.

आता तुमच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राकडे परत येऊ. पुढच्या वेळी हा प्रयोग कराल, तेव्हा शिक्षकांकडून एक तापमापी मागून घ्या आणि ती पाण्यात सोडा. एक मिनिटात किती बुडबुडे सुटले, ते मोजा आणि त्याशेजारी पाण्याचे तापमान लिहा. वनस्पती नसलेले दुसरे चंचुपात्रही तितक्याच उन्हात ठेवा. म्हणजे नुसत्या पाण्यातून किती बुडबुडे येतात, ते कळेल. पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख घालायला मात्र विसरू नका. एक पान डिसेंबरमध्ये भरा आणि दुसरे मार्च-एप्रिलमध्ये. मग दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून पाहा.